इंजिन उतरवण्याआधी (प्रस्तावना)

हिंगणघाट तालुक्यातल्या जुन्या घरांच्या कोठ्यात डोकावले, तर कुटाराचे ढीग, डवऱ्याचे लोखंड आणि पंपाचे गंजलेले पाइप यांच्या आडोशाला एखादी फटफटी हमखास उभी दिसते. बहुतेक वेळा राजदूत, कधी येझदी, क्वचित बुलेट. टाकीचा रंग उडालेला, सीट उंदरांनी कुरतडलेली, टायर जमिनीला चिकटलेले. दसऱ्याला मात्र तिच्या हँडलला झेंडूची माळ चढते. ‘विकता का?’ असे विचारले की घरचा मुलगा नुसती मान हलवतो आणि म्हणतो, ‘बाबांची गाडी आहे.’ त्या गाडीवरून बाबा कापसाचा भाव काढायला बाजार समितीत गेले, लग्न ठरवायला गेले, अवघडलेल्या आईला रात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. इंजिन जाम होऊन वीस वर्षे झाली. ब्लॉक-पिस्टन मिळत नाही, मिळाला तर अस्सल आहे की नाही याचा भरवसा नाही. ती चालत नाही आणि तिला भंगारात घालवतही नाही.

या पुस्तकाचा विषय ती गाडी आहे.

पुस्तकाचे लेखक दोघे आहेत. एक शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, दुसऱ्याचा लेथ आणि वेल्डिंगचा व्यवसाय आहे. दोघेही माझे विद्यार्थी. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री हा व्यवसाय शिकवला. तिथल्या कागदोपत्री वायरमन हा तारतंत्री असतो, फिटर जोडारी, टर्नर कातारी आणि वेल्डर संधाता. वर्कशॉपमध्ये हे शब्द फारसे कोणी उच्चारत नाही. पण जुनी मोटरसायकल विजेवर आणायला हे सगळे हात लागतात आणि ते हात या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मोठ्या शहरातली हौस म्हणून ज्याकडे पाहिले जाते, ते काम हिंगणघाटसारख्या गावाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. ही प्रस्तावना मी मुख्यतः तेवढ्यासाठी लिहितो आहे.

हे मत मी गावाच्या अभिमानापोटी मांडत नाही. हिंगणघाटला कापसाने घडवले. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रतीचेच नाव होते आणि मँचेस्टरचे व्यापारी ते ओळखत होते. त्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत इथे बन्सीलाल अबीरचंद आणि रेखचंद मोहता यांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांमागे जिनिंग-प्रेसिंग आले, त्यामागे लेथ, फाउंड्रीचे काम, पट्टे, बेअरिंगा, स्टार्टर, कॅपॅसिटर आले. विहिरींवर विजेचे पंप बसले तशी मोटर भरण्याची दुकाने गल्लीगल्लीत निघाली. स्टेटरच्या खाचेत तांब्याची तार कशी बसवायची, किती वेढे द्यायचे, वार्निश कसे पाजायचे, हे इथल्या सोळा वर्षांच्या पोराला ठाऊक असते. विजेवरच्या मोटरसायकलीची मोटर पंपाच्या मोटारीची जवळची नातलग आहे. फरक एवढाच, की पंपाच्या मोटारीत रोटरमध्ये वीज प्रवर्तनाने येते आणि गाडीच्या मोटारीत रोटरवर कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. स्टेटर पाहिला की वाइंडिंगवाल्याला ओळख पटते.

नवख्या वाचकासाठी आधी एवढे सांगतो की गाडी विजेवर आणायची म्हणजे नेमके काय करायचे असते. इंजिन, कार्बोरेटर, सायलेन्सर आणि बहुधा गिअरबॉक्स उतरतो. त्या जागी मोटर, बॅटरी आणि दोघांच्या मधला कंट्रोलर येतो. बॅटरी एकदिश प्रवाह देते. मूठ पिळली की कंट्रोलर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटारीच्या तीन तारांत फिरवतो. बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाची पाटी असते. ती प्रत्येक सेलचा दाब आणि तापमान पाहते आणि काही बिघडले तर वाट बंद करते. दिवे आणि हॉर्न १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी एक लहान कन्व्हर्टर लागतो. चार्जर बाहेर ठेवा की गाडीत, ते आपल्या सोयीवर. झाले एवढेच. कठीण आहे ती यांची एकमेकांशी आणि चाळीस वर्षांच्या लोखंडाशी जुळणी.

गाडी तीच ठेवून इंधन बदलायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा बसच्या मागे कोळशाची भट्टी बांधून त्या वायूवर बस चालवल्या गेल्या, आणि त्या ‘कोळशाच्या मोटारीं’च्या आठवणी आमच्या आजोबांच्या पिढीने आम्हाला सांगितल्या. पुढे बुलेटच्या फ्रेममध्ये शेतीपंपाचे डिझेल इंजिन बसवण्याचे प्रयोग ठिकठिकाणी झाले. १९९० च्या दशकात खुद्द एनफिल्डनेच डिझेलवरची बुलेट बाजारात आणली. मग रिक्षांना एलपीजी आणि सीएनजीची किट लागली. विजेची पायरी या रांगेतली पुढची आहे, फक्त ती सर्वांत जुनीही आहे. मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट अमेरिकेत ऑग्डन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. आज ज्याला हब मोटर म्हणतात ती हीच. मोटर तेव्हापासून तयार होती, अडले होते ते बॅटरीसाठी. शिशाच्या बॅटरीच्या वजनाखाली गाडी दबून जायची. लिथियमचे सेल स्वस्त होईपर्यंत शंभरावर वर्षे गेली.

मधल्या काळातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. सेड्रिक लिंच या इंग्रज कारागिराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुपाच्या डब्यांचा पत्रा सपाट करून त्यापासून मोटर बनवली. त्याच आखणीच्या सुधारलेल्या मोटारी पुढे गुजरातमधल्या अग्नी मोटर्सने बनवल्या. जून २००९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटरसायकलींची पहिली शर्यत झाली, ती अग्नीच्या गाडीने जिंकली, रॉब बार्बर हा स्वार होता. त्याच शर्यतीत पुण्याहून कपिल शेळके यांची गाडीही उतरली होती. पुढे त्यांनी टॉर्क मोटर्स उभी केली. डब्याच्या पत्र्यापासून जगातल्या सर्वांत खडतर रस्त्यापर्यंतचा हा प्रवास मी वर्गात अनेकदा सांगितला, कारण आमच्या मुलांना पत्रा कापता येतो.

आपल्या वर्धा जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांना दत्तक घेणाऱ्या आजोबांचे नाव बच्छराज. त्या नावाने २९ नोव्हेंबर १९४५ रोजी स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन हीच पुढची बजाज ऑटो. १९७२ साली तिने चेतक आणला, २००० च्या दशकात तो बंद झाला आणि जानेवारी २०२० मध्ये चेतक हेच नाव घेऊन विजेवरची स्कूटर बाजारात आली. कायनेटिकच्या लुनाचेही तसेच. १९७२ ची लुना २०२४ मध्ये विजेवर परतली. कंपन्यांनी नाव राखले आणि लोखंड नवे घेतले. जुनी गाडी रूपांतरित करणारा लोखंड राखतो. दोन्ही वाटा रास्त आहेत, पण कोठ्यातल्या राजदूतच्या उपयोगाची दुसरीच आहे.

लोखंड कोणते, हेही पाहायला हवे. पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलीवरून एस्कॉर्ट्सने राजदूत बनवली. ‘बॉबी’ चित्रपटातल्या बुटक्या राजदूतमुळे १९७३ नंतर तरुण पोरे तिच्यावर जीव टाकू लागली, पण खेड्याने स्वीकारली ती मोठी, साधी, दुधाचे कॅन वाहणारी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने जावा आणि मग येझदी दिली. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. यामाहा आरएक्स १०० १९८५ साली आली आणि तिचा आवाज ऐकून आमच्या पिढीतले किती तरी जण मेकॅनिक झाले. या गाड्यांच्या फ्रेम जाड नळीच्या आहेत, वेल्ड उघडे दिसतात, आणि इंजिन चार-सहा बोल्टांवर लटकते. म्हणूनच त्या या कामाला सोयीच्या पडतात.

आता या क्षेत्रातल्या घराण्यांकडे येतो. शब्द मुद्दामच वापरतो, कारण त्यांच्यातले मतभेद गवयांच्या घराण्यांइतकेच तीव्र आहेत.

पहिले घराणे हब मोटरचे. मागचे चाक काढायचे, मोटर असलेले चाक लावायचे, इंजिनाच्या जागी बॅटरी ठेवायची. चेन नाही, स्प्रॉकेट नाही, एका दिवसाचे काम. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने हिरो स्प्लेंडरसाठी २०२१ मध्ये बाजारात आणलेले आरटीओमान्य किट याच जातीचे. किंमत तेव्हा सुमारे ३५ हजार रुपये होती, बॅटरी वेगळी. अशा किटने सामान्य माणसाला हा विषय पहिल्यांदा परवडण्याच्या टप्प्यात आणला, हे श्रेय दिलेच पाहिजे. दोष असा की सगळे वजन चाकात जाते. शॉकअपच्या खालचे वजन वाढले की खड्ड्यात चाक आदळते आणि आरे सैल होतात. पांदण रस्त्याने जाणाऱ्याने याचा विचार करावा.

दुसरे घराणे मोटर फ्रेमच्या पोटात बसवते आणि चेनने मागचे चाक फिरवते. वजन मध्यभागी राहते, गाडीचा तोल पूर्वीसारखा राहतो. अडचण फेऱ्यांची. जुन्या मोटरसायकलीच्या चाकाचा घेर सुमारे २ मीटर असतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरला ते मिनिटाला सुमारे ३७५ फेरे घेते. मोटर मात्र ३ ते ४ हजार फेऱ्यांवर नीट काम करते. हा आठ-दहा पटींचा फरक एका चेनने तोडता येत नाही, मधे एक जादा शाफ्ट टाकावा लागतो. इथे कातारी आणि जोडारी लागतात. शाफ्टची रेषा अर्धा मिलिमीटर चुकली तरी चेन ओरडते.

तिसरे घराणे सर्वांत हट्टी आणि मला सर्वांत प्रिय. ते जुना गिअरबॉक्स आणि क्लच राखते आणि फक्त क्रँकच्या जागी मोटर जोडते. फेऱ्या कमी करण्याचे काम जुने गिअर करतात, बाहेरून इंजिनाची आकृती तशीच दिसते. काम वेळखाऊ, तेलाची गळती कायम मागे लागते. लेखकांनी या पद्धतीला पुस्तकात थोडीच जागा दिली आहे. मी वाद घातला, पण नवशिक्याला ती सुचवू नये हे त्यांचे म्हणणे शेवटी मला पटले.

या तिन्हींना छेद देणारा खरा वाद वेगळाच आहे. फ्रेम कापायची की नाही? कस्टम गाड्या बनवणारे कापतात. मागचा सांगाडा आखूड करतात, टाकी बदलतात, एक सीट ठेवतात. आपल्याकडे ही कला चांगली रुजली आहे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ या कारखान्याचे नावच मराठी षष्ठीतले आहे, आणि त्यांच्या गाड्या पाहताना पत्र्यावरचा हात कळतो. वेल्समधल्या इलेक्ट्रिक क्लासिक कार्स या कार्यशाळेने रॉयल एनफिल्डवर ‘फोटॉन’ नावाची विजेची गाडी बनवली, तिने जगभरच्या हौशी कारागिरांना धीर दिला. जपणूक करणारे लोक मात्र म्हणतात, की एकही छिद्र नवे पाडू नका, सगळे जुन्या बोल्टांवर बसवा, म्हणजे उद्या कोणाला इंजिन परत चढवायचे झाले तर ते संध्याकाळपर्यंत चढले पाहिजे.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात मी वडिलांच्या गाडीची इंजिनाखालची नळी कापली. बॅटरीचा डबा दोन बोटे मोठा निघाला होता. तो डबा मी आधी पुठ्ठ्याचा करून पाहिला असता तर नळी वाचली असती. नंतर वेल्ड करून जोडली, दिसायला सरळ झाली, पण गाडी तेव्हापासून डावीकडे ओढते. त्या फ्रेमवर मी पुन्हा कोणाला बसू दिले नाही.

म्हणून या पुस्तकाचा पहिला एक-तृतीयांश भाग केवळ मोजणीचा आहे, हे पाहून मला समाधान वाटले. मोजणीचा विषय निघाला की हिंगणघाटच्या माणसाला विल्यम लॅम्बटनची आठवण व्हायला हवी. १८०२ साली मद्रासहून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ करणारा हा माणूस हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथेच आहे. त्याची मोजणी सर्वांना माहीत आहे, दुरुस्ती थोड्यांना. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना त्याचा कोन मोजणारा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आदळला आणि वर्तुळाकार पट्टी वाकली. विलायतेहून दुसरा येईपर्यंत वर्षे गेली असती. त्याने स्वतःला सहा आठवडे कोंडून घेतले आणि ते यंत्र केसागणिक सरळ केले. आमच्या गावच्या मातीत असा मिस्त्री आहे.

गाडीच्या मोजणीत पहिले येते वजन. इंजिन उतरवण्याआधी पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळे तोलून ठेवावे. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. कापसाची गाठ १७० किलोची असते आणि बुलेट जवळपास तेवढ्याच वजनाची, तेव्हा गाठी तोलणारा जिनिंगमधला काटा या कामाला नेमका पुरतो. नवे सामान चढल्यावर दोन्ही आकडे जुन्या आकड्यांच्या आसपास आले पाहिजेत. नाही आले तर ब्रेक, शॉकअप आणि वळणावरचा तोल, सगळेच बदलते. ब्रेकचे तर आधीच पाहावे. राजदूतचे ड्रम ब्रेक त्या काळच्या रिकाम्या रस्त्यांसाठी होते. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, गाडी आवाज करत नाही, आणि हंगामात बाजार समितीच्या रस्त्यावर बैलबंड्यांच्या रांगा असतात. आधी लायनर, केबल आणि हॉर्न, मग मोटर.

दुसरी मोजणी अंतराची. जाहिरातींनी इथे फार नुकसान केले आहे. ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २८८० वॉट-तास. पाचवा हिस्सा राखून ठेवला तर हाती राहतात २३००. जुनी, उभट, वाऱ्याला अडवणारी मोटरसायकल मध्यम वेगाने किलोमीटरला सुमारे ३५ वॉट-तास खाते. भागाकार केला की ६५ किलोमीटर येतात. हिंगणघाटहून वर्ध्याला जाऊन यायचे तर ७० च्या वर होतात. याचा अर्थ असा की एवढ्या बॅटरीवर वर्ध्याला पोहोचून, तिथे चार्ज करूनच परत फिरता येते, आणि नागपूरचे नाव काढू नये. एक लिटर पेट्रोलमध्ये अशा तीन बॅटऱ्यांइतकी ऊर्जा असते. इंजिन त्यातली बहुतेक उष्णता म्हणून फेकून देते म्हणून आपली बरोबरी होते, एवढेच. शेत, शाळा, बाजार, नातलगांचे गाव, या रोजच्या फेऱ्यांना ६५ किलोमीटर भरपूर झाले. हा हिशेब ज्याला मान्य नाही त्याने ही वाट धरू नये.

तिसरी मोजणी तापमानाची, आणि या बाबतीत पुण्या-बंगळुरूच्या पुस्तकांचा आपल्याला उपयोग नाही. लिथियमच्या बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे त्यांचे निर्माते सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४५ च्या पुढे जाते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. दुपारी फिरून आलेल्या गाडीला लगेच प्लग लावणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे. ती मध्यरात्रीनंतर, मोकळ्या हवेत चार्ज करावी. सेल निवडतानाही लोह-फॉस्फेटचे घ्यावेत. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा ते जड असतात, पण उष्णता अधिक सोसतात आणि सहजी भडकत नाहीत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्या उन्हाळ्यात देशभर अशा घटना झाल्या आणि त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक जोडणाऱ्या दुकानांकडे वाचकाने फिरकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वीजतंत्री बंधूंना एक गोष्ट वेगळी सांगतो. ४१५ व्होल्टच्या तीन फेजवर रोज हात चालवणाऱ्या माणसाला ७२ व्होल्ट खेळणे वाटते. ते खेळणे नाही. पंपाचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून स्विच उघडला की ठिणगी विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यातून जात नाही आणि ठिणगी जळत राहते. घरातले एमसीबी इथे चालत नाही, एकदिश प्रवाहासाठीच बनवलेले ब्रेकर आणि फ्यूज लागतात. एकदा माझ्या हातचा तेरा नंबरचा पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला. डोळ्यांपुढे पांढरा उजेड झाला आणि पान्याचे टोक वितळून खाली गळले. तेव्हापासून आमच्या वर्गात प्रत्येक पान्याला मुठीपासून टोकापर्यंत इन्सुलेशनची पट्टी गुंडाळलेली असे, आणि अंगठी काढल्याशिवाय कोणाला बॅटरीजवळ येऊ दिले जात नसे.

कायद्याबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण या विषयावरची उत्साही मंडळी तो भाग टाळतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीत असलेल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत बजावले. त्याच कलमात किट बसवून इंधन बदलण्याची वाट मात्र ठेवलेली आहे, आणि सीएनजी-एलपीजीसोबत बॅटरीचाही तिथे नावानिशी उल्लेख आहे. अट एवढीच की किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने एआयएस-१२३ या मानकानुसार तपासून मान्य केलेले हवे, अधिकृत ठिकाणी बसवलेले हवे, आणि आरटीओकडून आरसीत इंधनाची नोंद बदलून घेतलेली हवी. विमा कंपनीला कळवावे लागते. मग हिरवी पाटी मिळते.

अडचण उघड आहे. मान्यतेचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो, म्हणून किट स्प्लेंडरसारख्या लाखोंनी खपलेल्या गाडीसाठी निघते. राजदूत-येझदीचा मालक या हिशेबात बसत नाही. त्याने घरी बनवलेली गाडी कितीही उत्तम असली तरी मान्य किटाशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. शेतात, आवारात, प्रदर्शनात चालवावी. लेखकांनी हे पहिल्याच पानावर ठळक छापले आहे आणि मला त्याचे कौतुक आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटरसायकलीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. फ्रान्सने मार्च २०२० मध्ये जुन्या गाड्यांच्या रूपांतरासाठी स्वतंत्र नियम केले. आपल्याकडे एकेका गाडीची रीतसर चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी, वाजवी शुल्कात व्हावी, ही मागणी कारागिरांनी संघटितपणे करायला हवी.

‘विंटेज’ या शब्दाचाही घोळ निस्तरला पाहिजे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की तो मान जातो. म्हणजे १९७० च्या आसपासची, सगळे नंबर जुळणारी, चालू स्थितीतली जावा तुमच्याकडे असेल, तर कृपा करून तिला हात लावू नका. तिला चालते इंजिन आहे, ते तसेच चालू ठेवणे हे काम आहे. हे पुस्तक जिचे इंजिन खरोखर संपले आहे त्या गाडीसाठी आहे.

मग आज हे का करायचे? पेट्रोल शंभरीपार गेले म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. चांगल्या बॅटरीच्या किमतीत कित्येक वर्षांचे पेट्रोल येते. मला दिसणारे कारण वर्कशॉपचे आहे. आज रस्त्यावर येणारी विजेची गाडी बिघडली की कारागिराला तिचे झाकण उघडता येत नाही. कंट्रोलर रेझिनमध्ये बुडवलेला, बॅटरी सीलबंद, दुरुस्ती म्हणजे भाग बदलणे. इंजिन हळूहळू जाणार आणि त्याबरोबर चौकाचौकांतले मेकॅनिक जाणार. एक जुनी गाडी स्वतःच्या हाताने विजेवर आणलेल्या मुलाला मात्र नव्या गाडीच्या पोटात काय आहे ते कळते. तो पुढच्या तीस वर्षांचा मेकॅनिक आहे.

गाडी कारागिराच्या हातची राहते की नाही, हे पारखायला माझ्याकडे एक जुनी कसोटी आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरख्याची किंमत १५० रुपयांच्या आत असावी, तो निदान २० वर्षे चालावा, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. किर्लोस्करांनीही त्यासाठी यंत्र बनवले, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तोच विचार पुढे नेला. मी विजेच्या गाड्यांची किट या अटींवर पारखतो. बहुतेक नापास होतात. बॅटरी वीस वर्षे टिकत नाही हे मान्य, पण एक सेल गेला तर तेवढाच बदलता यावा, कंट्रोलरचे नकाशे खुले असावेत, बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या मापाचे असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. लेखकांनी सुटे भाग निवडताना ही कसोटी सतत पुढे ठेवली आहे.

त्यांचा प्रयत्न मर्यादित आहे आणि तो तसाच असावा. यात शर्यतीची गाडी नाही, ताशी शंभरचा वेग नाही. एका राजदूतची पूर्ण कहाणी आहे, तिच्या चुकांसकट, आणि तिच्या अनुषंगाने येझदी व बुलेटसाठी काय बदलेल त्याच्या नोंदी आहेत. आकृत्या हाताने काढलेल्या आहेत आणि मापे मिलिमीटरमध्ये आहेत. भाषा वर्कशॉपची आहे, स्प्रॉकेटला स्प्रॉकेट आणि पान्याला पाना म्हणणारी. मराठीत असे पुस्तक हवे होते. मुलांकडे कौशल्य असते, पण मोजमाप इंग्रजीत अडकलेले असते, म्हणून ती अंदाजाने कापतात.

गाडी पहिल्यांदा विजेवर निघते तेव्हा फटफट नसते. चेनची किरकिर आणि टायरखालची खडी तेवढी ऐकू येते. लेखकांच्या राजदूतवर ज्यांची ती मूळ गाडी होती ते गृहस्थ बसले, आवारात दोन चकरा मारल्या, आणि उतरल्यावर त्यांनी टाकीवर हात ठेवून बराच वेळ काढला. आवाज नाही याबद्दल ते काही बोलले नाहीत. हँडल पूर्वीसारखेच आहे, एवढे म्हणाले.

वाचकाला एकच सांगणे. उतरवलेले इंजिन भंगारवाल्याला देऊ नका. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडा, सगळी तोंडे कापडाने घट्ट बुजवा, आणि केसवरचा नंबर वर दिसेल असे ते कोरड्या जागी ठेवा. आरटीओने नोंद बदलून देईपर्यंत तुमच्या आरसीवर तोच नंबर आहे.